शिक्षकांचे सामाईक भांडार : प्रस्तावना

ज्या व्यवसायात मनुष्य आपले बहुतेक काम चार भिंतींच्या आत, अल्पवयीन साक्षीदारांसमक्ष करतो आणि ज्याच्या यशापयशाचा वृत्तान्त त्याच्या समव्यवसायी बंधूंच्या कानी क्वचितच जातो, त्या व्यवसायात एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याच्या हाती पडणे ही सहजसाध्य गोष्ट कधीच नव्हती. वकिलाचा युक्तिवाद भर न्यायालयात होतो आणि गाजलेल्या निवाड्यांबरोबर तो छापूनही निघतो. वैद्याच्या रुग्णाचा इतिहास दप्तरी राहतो. शिक्षकाचा उत्तम साधलेला तास मात्र घंटा होताच हवेत विरतो. एखाद्या द्विशिक्षकी शाळेतील बाई हातच्याची वजाबाकी शिकविण्याची नामी रीत बसवितात, त्यांच्या बदलीचा हुकूम येतो, आणि त्यांच्या जागी आलेले गुरुजी तीच वाट पुन्हा पहिल्या पावलापासून चालू लागतात. महाजालाने ही अवस्था पालटण्याची संधी प्रथमच प्राथमिक शिक्षकाच्या हाती दिली. त्या संधीचे शिक्षकांनी काय केले, काय करता आले असते आणि काय करू नये, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विषयाची व्याप्ती प्रथम सांगितली पाहिजे, कारण ‘ऑनलाइन साहित्य’ म्हणताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे केवळ चित्रफीत उभी राहते. प्रत्यक्षात ह्या भांडारात पाठटाचण आहे, एका पानाची कृतिपत्रिका आहे, कवितेचे ध्वनिमुद्रण आहे, प्रश्नपेढी आहे, नकाशा आहे, आणि विद्यार्थ्याने स्वतः चाळवून पाहावे असे गतिमान प्रतिरूपही आहे. कार्ल वीमन ह्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पदार्थवैज्ञानिकाने 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात आरंभिलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील प्रतिरूपे मराठीतही वापरता येतात. विद्युतमंडलातील एक तार काढली असता दिवा का विझतो, हे ज्या शाळेत ना तार ना दिवा तेथेही दाखविता येते. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर ह्यांनी 2001 च्या सुमारास रचलेले ‘जिओजेब्रा’ हे भूमितीचे साधन असेच. परंतु ह्या भव्य साधनांइतकेच मोल, माझ्या मते, अपूर्णांकांवरील त्या अर्ध्या पानाच्या कृतिपत्रिकेला आहे, जी एखाद्या शिक्षकाने रात्री जागून केली, दुसऱ्या दिवशी वर्गात वापरली आणि जिच्या तिसऱ्या प्रश्नाशी सारा वर्ग अडला. तो अडखळा कोणता होता हे ठाऊक असणे, ह्यातच त्या कागदाचे खरे धन आहे.

शिक्षकांनी शिक्षकांस काही देण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही, आणि नवे यंत्र हाती येताच जुन्या वहिवाटीचा विसर पडावा हेही इष्ट नव्हे. मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षणखाते 1855 मध्ये स्थापन झाले, आणि त्यानंतर अल्पावधीतच, 1861 साली, ‘मराठी शालापत्रक’ निघू लागले. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री ह्यांनी ते संपादिले. संस्कृत कवींवरील विष्णुशास्त्र्यांचे प्रसिद्ध निबंध प्रथम ह्या शाळामास्तरांसाठी निघणाऱ्या पत्रात आले, ही गोष्ट आजच्या प्रशिक्षणपुस्तिका वाचून कंटाळलेल्या शिक्षकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी. त्या काळी खाते आपल्या मास्तरांस भवभूतीचा आस्वाद घेण्यास पात्र समजत होते. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ हे मासिक आपली वंशावळ ह्याच शालापत्रकापर्यंत नेऊन भिडविते.

खात्याच्या ह्या प्रवाहाला समांतर असा दुसरा प्रवाह स्वयंप्रेरित शिक्षकांचा होता. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे बालशिक्षणातील प्रयोग गावोगावच्या शिक्षकांपर्यंत पोचविले. पुढे 1945 मध्ये बोर्डीस व नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ ह्यांनी जे काम केले, त्यात मॉन्टेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पाने ह्यांची साधने घडविली गेली. परक्या देशातील साधन तत्त्वतः स्वीकारावे आणि द्रव्यतः आपल्या परिसरातून पुन्हा घडवावे, हा त्यांचा धडा आजच्या विषयाला इतका लागू आहे की महाजालाचे नावही न घेता त्यांनी त्याचे अर्धे शास्त्र सांगून ठेवले असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा प्रवाह मध्यप्रदेशातून आला. 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या संस्थांनी सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे चालविला, आणि 2002 मध्ये सरकारी आज्ञेने तो बंद झाला. ह्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य म्हणजे शिक्षकांच्या मासिक बैठका. प्रयोग कोठे फसला, साहित्य कोणते तुटले, मुलांनी अनपेक्षित प्रश्न कोणता विचारला, हे तेथे मोकळेपणी सांगितले जाई, आणि त्या कथनातून पाठ्यपुस्तकाचे नवे संस्करण आकारास येई. ह्याच वातावरणात अरविंद गुप्ता ह्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी ह्यांतून भूमितीच्या आकृती उभारल्या. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करीत असता त्यांनी आपली खेळणी आणि असंख्य पुस्तके महाजालावर विनामूल्य ठेवून दिली. अर्थात त्यांचे संकेतस्थळ हे एका मनुष्याच्या व्यासंगाचे भांडार होय. अनेकांनी मिळून चालविलेल्या भांडाराच्या अडचणी निराळ्या असतात, आणि ह्या ग्रंथाला त्यांचीच अधिक फिकीर आहे.

महाराष्ट्रात शाळांची केंद्रे बांधली जाऊन केंद्रप्रमुख नेमले गेले, तेव्हा केंद्रसंमेलनाच्या रूपाने अशा बैठकींची तजवीज सरकारदरबारीही झाली. त्यांपैकी काही संमेलने खरोखरीच जिवंत होती. पुष्कळ ठिकाणी परिपत्रकांचे वाचन, माहितीचे तक्ते आणि चहा एवढ्यावरच ती उरकत. तरी त्यांत एक गुण होता. ज्याने साधन दाखविले तो समोर उभा असे, आणि “तुमच्या पहिलीला हे जमलं, माझ्या पहिलीला कसं जमेल?” असा प्रश्न त्याला तोंडावर विचारता येई.

परदेशातील इतिहास थोडक्यात आटोपता येतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 2001 मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांस खुले करण्याचे जाहीर केले. 2002 मध्ये युनेस्कोच्या परिषदेत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने निघाले. पुढे 2007 चा केपटाउन येथील आणि 2012 चा पॅरिस येथील जाहीरनामा, आणि 2019 ची युनेस्कोची शिफारस. ही चळवळ मुख्यतः विद्यापीठांच्या अंगणात जन्मली, म्हणून तिच्या कल्पनेत देणारा हा प्राध्यापक आणि घेणारा हा दूरदेशीचा जिज्ञासू असे. शाळेतील शिक्षक, जो एकाच वेळी घेणारा, फिरविणारा आणि पुन्हा देणारा असतो, तो ह्या पंक्तीत बराच उशिरा येऊन बसला.

ह्या क्षेत्रातील विचारसंप्रदायांत पहिला आणि तत्त्वतः महत्त्वाचा वाद साधनाच्या आकाराविषयी आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की अध्यापनसाधन विटेसारखे असावे : लहान, स्वयंपूर्ण, कोणत्याही भिंतीत बसेल असे. डेव्हिड विली ह्या अमेरिकन विद्वानाने ह्यातील पेच नेमका उघड केला. साधन जितके संदर्भरहित करावे तितके ते अधिक ठिकाणी बसते, पण तितकेच ते कमी शिकविते. आणि जितके ते एका वर्गाच्या गरजेत मुरलेले असावे तितके ते परिणामकारक, पण दुसऱ्याच्या उपयोगास तितकेच अपुरे. नंदुरबारच्या पाड्यावरील मुलांसाठी रचलेले बाजाराचे उदाहरण ठाण्यातील मुलांस परके वाटेल, आणि लोकलगाडीच्या वेळापत्रकावरील गणित मेळघाटात निरर्थक होईल. ह्या पेचातून सुटण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो हा की साधन संदर्भासह द्यावे आणि ते बदलण्याचा हक्कही सोबत द्यावा. विलीनेच पुढे ज्या पाच अधिकारांची मांडणी केली, म्हणजे प्रत जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि पुन्हा वाटणे, त्यांतील तिसरा अधिकार शाळाशिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरतो.

दुसरा वाद भांडाराची मालकी कोणाची असावी ह्याविषयी आहे. राज्यसंस्थेने भांडार उभारावे असे मानणाऱ्यांनी भारतात पुष्कळ काम केले आहे. राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडार 2013 मध्ये निघाले, 5 सप्टेंबर 2017 रोजी ‘दीक्षा’चे उद्घाटन झाले, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापून येऊ लागले. क्यूआर कोडाचा हा विचार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले ह्यांनी आधी करून पाहिला होता. 2020 चे जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांस मिळाले, तेव्हा त्यांनी त्या रकमेचा अर्धा भाग अंतिम फेरीतील इतर शिक्षकांस वाटून दिला, आणि ह्या ग्रंथाच्या विषयाला त्याहून समर्पक कृती शोधूनही सापडावयाची नाही. सरकारी भांडाराचे बळ त्याच्या व्याप्तीत आणि अभ्यासक्रमाशी असलेल्या मेळात आहे; त्याचे वैगुण्य असे की तेथे साधन वर चढविण्याची वाट अनेक टेबलांवरून जाते, आणि एकदा चढलेल्या साधनाविषयी तळाच्या शिक्षकाने केलेली तक्रार कोठे जाते हे त्याला सहसा कळत नाही.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला समाजाने चालविलेली भांडारे आहेत. कर्नाटकात शिक्षकांनीच मजकूर लिहावा आणि दुरुस्त करावा अशा तत्त्वावर विकीसारखे भांडार उभे राहिले. केरळात शाळांच्या संगणकीकरणाचा पाया मुक्त सॉफ्टवेअरवर घातला गेला. आणि प्रथम बुक्सने 2015 मध्ये आरंभिलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर कोणीही कथा भाषांतरावी, वाचनाच्या पायरीनुसार बदलावी आणि छापावी अशी मुभा आहे. उत्तर अमेरिकेत रविवारी मराठी शाळा चालविणाऱ्या स्वयंसेवकांस अशा कथांचा उपयोग कळण्यास वेळ लागणार नाही, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांचे वय दहा वर्षांचे आणि मराठी वाचन मात्र पहिलीचे असते. तिसरा पक्ष बाजाराचा. न्यूयॉर्कमधून 2006 मध्ये निघालेल्या ‘टीचर्स पे टीचर्स’वर शिक्षक आपली साधने शिक्षकांसच विकतात. आपल्याकडील सात्त्विक मंडळी ह्या कल्पनेने नाके मुरडतात, परंतु रात्रीचे तीन तास घालवून केलेल्या कामाचा मोबदला मागणे हे पाप खचित नव्हे. माझी हरकत एवढीच आहे की विक्रीचा माल दुरुस्त करून परत देण्याची रीत नसते, आणि साधन सुधारते ते परत दिल्यानेच.

आणि चौथा संप्रदाय, ज्याला कोणी प्रवर्तक नाही, तो व्हॉट्सॲपचा. महाराष्ट्रातील तंत्रस्नेही शिक्षकांची देवघेव बहुतांशी ह्याच मार्गाने होते. त्याचा वेग अद्भुत आणि स्मरणशक्ती शून्य. सकाळी आलेली उत्तम कृतिपत्रिका सायंकाळपर्यंत सुप्रभातांच्या आणि वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. महिन्याने तीच पुन्हा येते, तेव्हा मूळ करणाऱ्याचे नाव खोडलेले असते आणि त्या जागी कोणा अन्य सद्गृहस्थाचे छायाचित्र झळकत असते. ह्या नामलोपाचा परिणाम केवळ भावनिक नसतो. कर्ता हरवला की चूक कोणाला कळवावी हेही हरवते, आणि एकदा शिरलेली अशुद्ध आकृती जिल्ह्याजिल्ह्यांतून अजरामर होऊन फिरत राहते.

मराठी साहित्याच्या वाट्याला ह्याखेरीज काही खास संकटे आली आहेत, ज्यांची वास्तपुस्त परदेशी ग्रंथांतून मिळत नाही. पहिले लिपीचे. यूनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी, आणि दुर्दैवाने त्यानंतरही, आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी असे परस्परांशी अबोल असलेले फॉन्ट वापरात होते. त्यांत टंकलिखित केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. ती वाचावयाची तर तोच फॉन्ट हवा, आणि शोधयंत्रास तर ती कधीच सापडावयाची नाही. ह्या अडचणीवर तोड म्हणून शिक्षकांनी पीडीएफचा आश्रय घेतला. तिने अक्षरे शाबूत राहिली, पण बदलण्याची मुभा गेली. सातवीच्या शिक्षकाला सहावीची पत्रिका थोडी कठीण करून हवी असेल तर त्याने ती सारी पुन्हा टंकावी, किंवा, बहुधा घडते तसे, जशीच्या तशी वापरावी. दुसरे संकट फ्लॅशचे. मराठी माध्यमाच्या शाळांनी लोकवर्गणी काढून जे ई-लर्निंगचे संच घेतले, त्यांतील पुष्कळ पाठ ह्या तंत्रावर उभे होते. 2020 च्या अखेरीस त्या तंत्राचा आधार काढून घेतला गेला आणि प्रकाशकांनी रूपांतर न केलेले पाठ निकामी झाले. ‘फेट’सारख्या प्रकल्पांनी आपली प्रतिरूपे वेळीच नव्या प्रणालीत उतरविली, कारण मूळ सामग्री त्यांच्या ताब्यात होती. विकत घेतलेल्या तबकडीच्या मालकास ती सोय नव्हती.

कायद्याविषयी शिक्षकांत दोन टोकांचे समज आढळतात : शाळेसाठी सारेच माफ, हा एक, आणि परवानगीवाचून एक चित्रही दाखविता येत नाही, हा दुसरा. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या 52 व्या कलमाने अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीस संरक्षण दिले आहे, आणि दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या गाजलेल्या दाव्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संरक्षणाचा अर्थ उदारपणे लावला. तथापि वर्गात वाटलेली प्रत आणि साऱ्या जगास उतरवून घेता येईल अशी मांडलेली प्रत ह्या एकच होत, असे गृहीत धरून चालणे धोक्याचे आहे. म्हणून आपण स्वतः केलेल्या साधनावर परवान्याची एक ओळ लिहिण्याची सवय लावावी : नाव द्यावे, बदलण्यास मुभा, बदललेले पुन्हा त्याच अटींवर द्यावे. रूपांतरास मनाई करणारा परवाना शिक्षकाने शिक्षकाला देणे ह्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

आताच हा ग्रंथ का, ह्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या शिक्षकांनी कधी एक चित्रफीत केली नव्हती त्यांनी ढिगांनी केल्या, आणि जे पुराव्यावाचून टिकले नसते तेही त्या गदारोळात टिकून गेले. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास दोन ओळी सांगितल्या की पूर्ण पृष्ठाची कृतिपत्रिका क्षणात समोर येते. साधनांचा दुष्काळ संपला. दुष्काळ आहे तो ‘मी हे वापरले, माझ्या चौथीला ते जड गेले, पुढल्या वेळी पहिला प्रश्न गाळीन’ असे सांगणाऱ्या शेऱ्याचा. यंत्राला असा शेरा लिहिता येत नाही, कारण त्याच्या पुढ्यात चौथीचा वर्ग बसलेला नसतो. शिक्षकांनी परस्परांत जे वाटावयाचे त्यात साधनापेक्षा हा शेरा श्रेष्ठ, ही ह्या संग्रहामागील भूमिका आहे आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे.

ह्या भूमिकेनुसार संपादकांनी कामकरी शिक्षकांचे लेख निवडले आहेत, आणि प्रत्येक लेखासोबत साधन कोणत्या वर्गात, किती वेळात, कोणत्या तडजोडी करून वापरले ह्याची टिपणे जोडली आहेत. रचना विषयवार न करता वर्गातील अडचणींनुसार केली आहे : वाचनात मागे पडलेले मूल, बहुवर्ग अध्यापन, वीज वा जाल नसलेली शाळा, घरची भाषा अहिराणी, कोरकू किंवा गोंडी असलेला वर्ग. गणिताच्या शिक्षकाला गणित शोधण्यास त्यामुळे थोडे चाळावे लागेल, आणि मी ह्याविषयी संपादकांशी वादही घातला. परंतु भाषेच्या शिक्षकाचे साधन पाहून गणिताच्या शिक्षकाला युक्ती सुचावी हा त्यांचा हेतू ऐकल्यावर मी माघार घेतली. दुसऱ्या एका बाबतीत माझे समाधान झालेले नाही. दृष्टिहीन व श्रवणदोष असलेल्या मुलांसाठीच्या साधनांना येथे फारच थोडी जागा मिळाली आहे, आणि माध्यमिक विज्ञानाची बाजूही प्राथमिकच्या मानाने लंगडी आहे. ही उणीव दुसऱ्या खंडात भरून काढण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

महाजालावरील पत्ते बदलतात आणि पुष्कळसे कालांतराने मृत होतात. ह्यासाठी संपादकांनी ग्रंथात केवळ दुवे न देता, ज्या साधनांच्या परवान्याने अनुमती दिली त्यांचा मूळ मजकूर परिशिष्टात यूनिकोडमध्ये, बदलता येईल अशा स्वरूपात उपलब्ध करून दिला आहे. ज्यांची अनुमती मिळाली नाही त्यांची केवळ वर्णने आहेत. ग्रंथाचा स्वतःचा परवानाही रूपांतरास मोकळीक देणारा ठेवला आहे, आणि वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासह पुढील आवृत्तीत घेतल्या जातील.